जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. तेव्हापासून पालकांकडून एक प्रश्न सारखा येतो, "सर, घरचा कॉम्प्युटर आता भंगारात द्यायचा का?" विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी, टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आपल्या वस्तीतल्या घरांत जे डबे आहेत ते कोअर टू ड्युओचे, दोन जीबीचे, कुठल्यातरी ऑफिसने काढून टाकलेले आणि तीन-चार हजारांत घेतलेले. त्यांना नवे विंडोज झेपणार नाही. पण म्हणून ते भंगार होत नाहीत. युनिक्स शिकायला एवढे यंत्र पुरेसे आहे, पुरून उरेल इतके आहे.

खुद्द युनिक्सचा जन्म जुन्या यंत्रावरच झाला. १९६९ साली बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसनने ते लिहायला घेतले तेव्हा हाताशी होता एक फारसा कुणी न वापरणारा, त्या काळीही मागे पडलेला पीडीपी-७. थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी थोड्या मेमरीत भागवायचे ठरवले, म्हणून लहान-लहान कामांचे लहान-लहान प्रोग्रॅम झाले. आजचे लिनक्स त्याच वळणाचे आहे.

आता मूळ मुद्दा. जुन्या यंत्रावर लिनक्स टाकताना मुलांना दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणजे, हुबेहूब विंडोजसारखे दिसणारे काहीतरी टाका, कळणारसुद्धा नाही. दुसरा सल्ला व्हिडिओ बघून आलेला असतो. काळा पडदा, फरशा लावल्यासारख्या खिडक्या, माऊसला हातही लावायचा नाही. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात मूल काही शिकत नाही, फक्त नवे कपडे घातलेले जुनेच यंत्र वापरते. दुसऱ्यात ते दोन महिने रंग आणि फाँट बदलत बसते. डीडब्ल्यूएमसारखा विंडो मॅनेजर सुंदर आहे, दोन हजार ओळींच्या आत बसवायचा असा त्याच्या लेखकांचा नियम आहे. पण त्यात काही बदलायचे तर सी भाषेतली फाइल बदलून तो पुन्हा कंपाइल करावा लागतो. ज्या मुलीला अजून फाइल आणि फोल्डर यांतला फरक नीट कळलेला नाही तिला पहिल्याच आठवड्यात हे देऊ नये.

विंडो मॅनेजर म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेऊ. विंडोजवर वाढलेल्या माणसाला वाटते की खिडकी, तिची वरची पट्टी, बंद करायची फुली हे सगळे मिळूनच कॉम्प्युटर. युनिक्समध्ये तसे नाही. पडद्यावर चित्र काढणारा वेगळा, त्याला एक्स म्हणतात. तो १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाला आणि १९८७ पासून त्याची अकरावी आवृत्ती चालू आहे. खिडक्यांना चौकट लावणारा, त्या हलवणारा, लहानमोठ्या करणारा वेगळा. तोच विंडो मॅनेजर. एक्सच्या दृष्टीने तो इतर प्रोग्रॅमसारखाच एक, फक्त घरातल्या सामानाची मांडामांड करायची जबाबदारी त्याच्याकडे.

हे सांगून पटत नाही, करून पटते. होम फोल्डरमध्ये डॉट एक्सइनिटआरसी नावाची साधी मजकुराची फाइल करा. पहिल्या ओळीत विंडो मॅनेजरचे नाव आणि पुढे & हे चिन्ह, शेवटच्या ओळीत टर्मिनल. मग स्टार्टएक्स. आता त्या टर्मिनलमधूनच विंडो मॅनेजर मारून टाका. खिडकीची पट्टी जाते, फुली जाते, खिडकी हलेनाशी होते, पण टर्मिनल जिवंत असते. माऊसचा बाण त्यावर नेला की लिहिताही येते. तिथेच दुसऱ्या विंडो मॅनेजरचे नाव टाइप केले की त्याच खिडकीला नवी चौकट येते. (शेवटच्या ओळीत टर्मिनलऐवजी विंडो मॅनेजर ठेवला तर तो मरताच सगळे एक्स बंद होते. तेही एकदा करून बघायला हरकत नाही.) एवढ्या दहा मिनिटांत जे कळते ते संगणकाच्या पाठ्यपुस्तकातल्या "ऑपरेटिंग सिस्टिमची कार्ये : पाच गुण" यातून वर्षभरात कळत नाही. कॉम्प्युटर सुट्या भागांचा आहे आणि भाग बदलायची परवानगी आपल्याला आहे, हे इथे हाताला लागते. नव्या वेलँड पद्धतीत चित्र काढणारा आणि मांडणारा एकच असल्यामुळे हा प्रयोग जमत नाही. शिकण्यासाठी तरी जुने एक्स मला बरे वाटते.

मग घ्यावा कोणता? अँटीएक्स नावाचे लिनक्स ३२ बिटच्या यंत्रांनाही मिळते, आणि त्यात आइसडब्ल्यूएम, फ्लक्सबॉक्स, जेडब्ल्यूएम आयतेच असतात. डेबियनने मात्र २०२५ च्या आवृत्ती १३ पासून ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले आहे, तेव्हा यंत्र फारच जुने असेल तर हे आधी तपासावे. घरातली आजी, अब्बू, लहान भाऊ सगळेच एक यंत्र वापरत असतील तर आइसडब्ल्यूएम ठीक. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, कुणाला काही समजवावे लागत नाही, आणि त्याचा मेनू, बटणे, सगळे साध्या मजकुराच्या फाइलींत असते. टीडब्ल्यूएम एकदा इतिहास म्हणून बघावा. त्यात प्रोग्रॅम उघडला की नुसती चौकटीची रेघ येते, ती आपण क्लिक करून कुठे ठेवायची ते सांगावे लागते. मुले खूप हसतात.

पण शिकणाऱ्या मुलासाठी माझे मत ओपनबॉक्सला आहे, आणि त्याचे कारण आपल्या लिपीत आहे. याविषयी कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. खिडकीच्या वरच्या पट्टीवरचे नाव विंडो मॅनेजर लिहितो. फाइलचे नाव उर्दूत किंवा मराठीत असेल तर ते जुळवून लिहिणे त्याच्याकडे आले. टीडब्ल्यूएमसारखे जुने विंडो मॅनेजर इथे हात टेकतात. अक्षरांच्या जागी चौकोन येतात, नाहीतर उर्दूची अक्षरे सुटी पडतात आणि मराठीची जोडाक्षरे फुटतात. ओपनबॉक्स हे काम पँगो नावाच्या लायब्ररीकडे सोपवतो, त्यामुळे "विद्यार्थी" हा शब्द विद्यार्थी असाच दिसतो आणि उर्दू उजवीकडून डावीकडे, जोडून येते. सोबत टिंट२ ही छोटी पट्टी घेतली की तीही पँगोच वापरते. फक्त पट्टीसाठी नस्तालीक फाँट निवडू नका. त्याची अक्षरे तिरपी उतरत जातात, त्यांना उंची लागते, पट्टीत ती कापली जातात. पट्टीला नस्ख आणि लिखाणाला नस्तालीक, अशी वाटणी करावी.

ज्या मुलाला स्वतःचे नाव पडद्यावर तुटलेले दिसते ते मूल मुकाट्याने ठरवून टाकते की हे यंत्र आपल्यासाठी बनलेले नाही. उर्दू माध्यमातल्या मुलांना हे बाहेर सगळीकडे ऐकायला मिळतेच, घरच्या कॉम्प्युटरनेही सांगायची गरज नाही. आणि मुलींच्या बाबतीत तर घरचाच कॉम्प्युटर असतो, कारण मगरिबनंतर क्लासला पाठवायला अम्मी-अब्बू तयार होत नाहीत. त्यावर वेगळा लेख होईल.

ओपनबॉक्सची शेवटची आवृत्ती २०१५ ची आहे, असा आक्षेप कुणी घेईल. घेऊ दे. जे काम त्याने करायचे ते तो करतो.

काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. विंडो मॅनेजर हलका घेतला म्हणून ब्राउझर हलका होत नाही. जीनोमसारखा पूर्ण डेस्कटॉप सोडला की काहीशे एमबी वाचतात, पण दोन व्हिडिओ आणि एक मेल उघडली की ती बचत संपते. दोन जीबीच्या यंत्रावर एका वेळी एकच टॅब, ही सवय लावावी लागेल. आणि ज्या घरात इनपेजवर लग्नाच्या पत्रिका, रिसाले बनवण्याचे काम चालते, त्यांनी ते यंत्र बदलू नये. इनपेज विंडोजवरचे आहे आणि रोजीवर प्रयोग करायचे नसतात. अशा यंत्राचे फक्त इंटरनेट काढून ठेवावे.

टर्मिनलचा प्रश्न शिल्लक राहतो. पट्टीवर उर्दू नीट आली तरी एक्सटर्ममध्ये तीच फाइल उलटी आणि सुटी दिसते. त्यासाठी एमएलटर्म नावाचे टर्मिनल टाकावे, त्याला उजवीकडून लिहिणे आणि भारतीय लिप्या दोन्ही येतात. ते जमेपर्यंत फाइलींची नावे रोमन अक्षरांत ठेवा, आतला मजकूर हव्या त्या लिपीत लिहा.