आधी विहिरीत दोरी सोडा!

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या सुमारे चाळीस गावांवर हक्क सांगितला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. ती उसळणे स्वाभाविकच होते. परंतु त्या गदारोळात एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. हा हक्क सांगण्याची संधी कर्नाटकास दिली कोणी? ती दिली महाराष्ट्राच्या अनेक वर्षांच्या बेपर्वाईने. या गावांनी दहा वर्षांपूर्वी, २०१२ च्या दुष्काळात, आम्हांस पाणी द्या, नाही तर कर्नाटकात जाऊ द्या, अशा आशयाचे ठराव केले होते. ते ठराव भाषेपोटी झालेले नव्हते, तहानेपोटी झाले होते. मुख्यमंत्र्यांच्या त्या उद्गारानंतर थोड्याच दिवसांत कर्नाटकाने आपल्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी जतच्या सीमेकडे सोडले. आणि महाराष्ट्रालाही म्हैसाळच्या विस्तारित योजनेची व तिला लागणाऱ्या सुमारे दोन हजार कोटी रुपयांची आठवण नेमकी त्याच सुमारास झाली! जे पाणी दहा वर्षांच्या ठरावांनी हलले नाही, ते एका राजकीय आरोळीने हलले.

आम्ही विलीनीकरणवादी आहोत आणि म्हणूनच या घटनेने आम्हांस आनंद झाला नाही, भय वाटले. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार तत्त्वांवर सीमाभागातील मराठी माणूस १९५६ पासून उभा आहे. त्यांतील लोकेच्छा हे तत्त्व सर्वांत थोर, आणि तितकेच नाजूकही. माणसाची इच्छा त्याच्या घशाला कोरड पाडून बदलता येते आणि टाकीभर पाणी दाखवून विकत घेता येते, असे एकदा राज्यकर्त्यांच्या ध्यानी आले, की लोकेच्छेचा लिलाव सुरू झालाच म्हणून समजावे. आज जत पणाला लागले, उद्या अथणी लागेल. जत्तेतील त्या गावांत अनेक घरांतून कानडी बोलली जाते, म्हणून त्यांच्या तहानेचे मोल कमी मानणाऱ्या महाराष्ट्राला बेळगावच्या मराठी माणसासाठी न्याय मागण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, हेही आम्ही येथे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवतो.

मग करावे काय? आमचे उत्तर ऐकून काही वाचक हसतील. आमचे उत्तर असे, की आधी विहिरीत दोरी सोडा. मोजा!

आमच्या चळवळीचे सामर्थ्य घोषणांत होते तसेच आकड्यांतही होते. १९५१ च्या खानेसुमारीतील गावोगावचे आकडे कार्यकर्त्यांच्या जिभेवर होते. कोणत्या खेड्यात मराठी भाषिक किती, शाळेत मुले किती, निवडणुकीत कौल कोणता, हे सारे कागदावर होते, म्हणूनच सरकारला उत्तर देणे जड गेले. दुष्काळाच्या बाबतीत मात्र आपण सारेच टँकर मोजतो. टँकर हे तहानेचे माप नव्हे. तहसील कचेरीने ती किती मान्य केली, त्याचे ते माप आहे. पाणलोटात पाऊस किती पडला, मुरुमात किती मुरला, विहिरीची पातळी कार्तिकात कोठे होती नि वैशाखात कोठे गेली, आणि उपसलेले पाणी कोणत्या पिकाने प्याले, याचा हिशेब गावाच्या हाती नाही. ज्याच्या हाती हिशेब नाही त्याने अर्जच करीत राहावे, हा जगाचा न्याय आहे.

हे काम नवे नाही, आणि आमच्या भूमीला परकेही नाही. मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक राहिलेले हॅरॉल्ड मान यांनी दख्खनच्या १८६५ ते १९३८ या काळातील पावसाचा दुष्काळाच्या दृष्टीने अभ्यास केला; तो ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. मान यांचे सहकारी ना. वि. कानिटकर यांनी मांजरी आणि सोलापूर येथील प्रक्षेत्रांवर, पावसाचे किती पाणी जमिनीत जिरते आणि किती पाणी माती घेऊन पळते, हे वर्षानुवर्षे मोजले. १९३३ च्या सुमारास कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी देशात जी पाच केंद्रे निघाली, त्यांत सोलापूर होते, विजापूरही होते. रायचूर, हगरी व रोहतक ही उरलेली तीन. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी ही जी ‘मुंबई पद्धती’ पुढे नावारूपास आली, ती या मोजमापांतून उभी राहिली. तिने उत्पन्नात पडणारी भर माफक होती. पण ती खरी होती, कारण ती मोजलेली होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी सोलापूर एका राज्यात राहिले आणि विजापूर दुसऱ्यात गेले. माणसांची ताटातूट झाली, तिच्याविषयी आम्ही रोज लिहितो. त्याच दिवशी एका दुष्काळाचीही फाळणी झाली, हे मात्र आपल्या ध्यानात आले नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा पट्टा एकसंध आहे. आमच्याच जिल्ह्यात पश्चिमेस कणकुंबी-जांबोटीच्या रानात पाऊस धो-धो कोसळतो, आणि पूर्वेस अथणीकडे जावे तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येऊन ठेपतो. जतचीही तीच गत, विजापूरचीही तीच. अग्रणी नदी सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात उगम पावते (आमचे बेळगावचे खानापूर ते हे नव्हे), कवठे महांकाळकडून खाली येते आणि अथणी तालुक्यात शिरून कृष्णेस मिळते. डोण नदी जतकडून निघून विजापूर जिल्हा ओलांडते. डोण पिकली तर गल्लोगल्ली धान्य, अशी तिची कानडी मुलखात ख्याती. तिच्या उगमाकडे मात्र घागरींच्या रांगा! वर बांध पडला तर खाली परिणाम होतो, वर वाळू उपसली तर खालची विहीर आटते. नदीला जिल्हाधिकाऱ्याची हद्द ठाऊक नसते. भाषेच्या न्यायात खेडे हा घटक, तसा पाण्याच्या न्यायात पाणलोट हा घटक आहे.

पाण्याचे न्यायनिवाडे झाले नाहीत असे नव्हे. १९६९ मध्ये नेमलेल्या कृष्णा लवादाने महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्रास ८०० अब्ज घनफूट पाणी वाटून दिले. तो हिशेब मोठ्या नदीचा होता, मोठ्या धरणांचा होता. अग्रणीकाठच्या विहिरीचा हिशेब त्यात नाही, आणि राज्याच्या वाट्याला आलेले पाणी त्या राज्यातल्या कोणत्या शिवारात गेले, हेही त्या निवाड्यातून कळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी गेले. पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. लातूरची तहान भागली याचा कोणास विषाद वाटावा? परंतु त्याच मिरजेपासून शंभर किलोमीटरच्या आत जत होते. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली शहर, आमची चिकोडी-अथणीची नदीकाठची गावे बुडाली, त्या दिवसांतही जतच्या खेड्यांत टँकर धावत होते. एकाच जिल्ह्यात एकीकडे नावा नि दुसरीकडे टँकर! याला निसर्गाचा कोप म्हणणे ही निसर्गाची बदनामी आहे.

न मोजता केलेला उपायही किती महाग पडतो, ते महाराष्ट्राने नुकतेच अनुभवले आहे. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नऊ हजार सहाशे कोटींहून अधिक रुपये खर्ची पडले. आणि पाण्याची गरज भागवण्यात व भूजलपातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असा अभिप्राय महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये दिला. कारण समजण्यास फार विद्वत्ता नको. आमचा दगड काळा कातळ, लाव्ह्याच्या थरांचा. त्यात पाणी राहते ते वरच्या मुरुमात आणि खालच्या भेगांत. यंत्र लावून ओढा मुरुमाखाली, कातळापर्यंत खोल खणला, तर पाणी साचलेले दिसते, छायाचित्रही सुरेख येते. पण अभंग कातळात ते मुरत नाही, उन्हाने उडून जाते. आणि खणताना पाणी धरणारा थरच कापला गेला, तर शेजारच्या विहिरींचे पाणी उलट ओढ्यात उतरते. कोठे खणावे आणि कोठे फावड्यासही हात लावू नये, हे थर पाहिल्याविना आणि विहिरी मोजल्याविना कोणी सांगू शकत नाही. पाण्याचे काम माथ्यापासून पायथ्याकडे यावयास हवे. आपण पायथ्याशी, रस्त्यालगत, उद्घाटनाला मोटार पोहोचेल तेथे आरंभ करतो!

याउलट उदाहरणही जवळचेच आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगार आणि कष्टकरी शेतकरी यांनी त्याच सांगलीच्या खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. दुष्काळी कामावर खडी फोडीत बसण्याऐवजी त्यांनी विचारले, की दुष्काळ येतो कोठून? डॉ. भारत पाटणकर यांच्यासारखे कार्यकर्ते, लोकविज्ञान संघटना आणि के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते सोबत आले. पूर्वी पिके कोणती होती, विहिरींना पाणी केव्हापर्यंत असे, येरळेची वाळू कोण नेतो, याची गावाने स्वतः चौकशी केली. नदीतील वाळू म्हणजे नदीची कोठी. ती पाणी पोटात धरते, उन्हापासून राखते आणि हळूहळू सोडते. ती कोठी ठेकेदार लुटीत होता. त्या अभ्यासातूनच बळवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा स्मृती धरण बांधले आणि समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह धरला. ज्यांनी प्रश्न मोजला, त्यांनाच तो सोडवण्याचा धीर आला. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार दर वर्षी पावसाचे माप पाहून पीक ठरवते आणि शेतीसाठी कूपनलिका घेऊ देत नाही. जे एका गावाला साधले ते एका लहान नदीकाठाला का साधू नये?

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा, की मोजल्याने पाणी येते काय? नाही येत. परंतु आलेले पाणी कोणी प्याले, हे कळते. ज्वारीच्या चौपट-पाचपट पाणी पिणारा ऊस कोणत्या शिवारात किती एकर उभा आहे, हा आकडा जाहीर चावडीवर वाचला गेला, की सरकारविरुद्धच्या आमच्या आवाजाला आमच्याच बागायतदारांना तोंड द्यावे लागेल. ते कटू आहे. पण टाळता येणार नाही. दुसरा आक्षेप आमच्याच गोटातून येईल, की कानडी शेतकऱ्यासोबत बसून पाणी मोजले तर सीमेवरचा दावा सैल पडणार नाही काय? मुळीच नाही. दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; तो भाषेच्या, शाळेच्या, कागदपत्रांच्या हक्काचा दावा आहे, आणि तो आम्ही तसूभरही सोडणार नाही. पण आमचे भांडण बंगळूरच्या सत्तेशी आहे, बांधापलीकडच्या कानडी कुणब्याशी ते केव्हाच नव्हते. त्याच्या नि आमच्या विहिरीखालचा मुरूम एकच आहे. शिवाय ज्याचे चांगले ते चांगले म्हणावे. कर्नाटकाने ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक बसवले आहेत. महाराष्ट्राची भूजल यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. या दोन्ही आकड्यांना एका कागदावर आणून अग्रणीचा जमाखर्च शेतकऱ्यापुढे मांडलेला मात्र आम्ही पाहिलेला नाही. ते काम जनतेनेच हाती घेतले पाहिजे.

म्हणून आमची सूचना नेमकी आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी अग्रणीकाठच्या प्रत्येक गावात, सीमेच्या अलीकडे नि पलीकडे, मराठी शाळेत तसेच कानडी शाळेत, एक पर्जन्यमापक बसवावा; तो रोज सकाळी मुलांनी वाचावा. प्रत्येक गावाने माथ्याची, मधली नि ओढ्याकाठची अशा विहिरी निवडून ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या चार महिन्यांत त्यांत दोरी सोडावी. पिकांचे एकर आणि नव्या कूपनलिका यांची वही ठेवावी. आणि वर्षअखेर ती वही ग्रामसभेत, दोन्ही भाषांतून, मोठ्याने वाचावी. ज्या कार्यकर्त्यांनी भाषेसाठी घरोघर याद्या केल्या, काळ्या दिनाच्या फेरीत जे दर वर्षी चालतात, लाठ्या खातात, त्यांना एवढे काम अवघड नाही. असे चार पावसाळे मोजून झाले, की मुंबईस नि बंगळूरास आम्ही टँकर मागावयास जाणार नाही. वही घेऊन जाब विचारावयास जाऊ. मग एखाद्या मंत्र्याने निवडणुकीच्या तोंडावर कालव्याचे दार उघडून तहानलेल्या गावाकडे निष्ठा मागितली, तर ते गाव त्यास सांगू शकेल, की पाणी हा आमचा हिशेबाने ठरलेला वाटा आहे, आणि आमची इच्छा विकाऊ नाही.