नुसत्या एचपीवर ओबीएम मागवू नका

पावसाळ्याआधीच्या खरेदीला वेग आला की बचाव पथकांची पत्रे येऊ लागतात. यंदा बहुतेकांची तक्रार एकच आहे. रबर बोटीसाठी ओबीएम (आउटबोर्ड मोटर, बोटीच्या मागे बाहेरून बसवायची) मागवताना मागणीपत्रात फक्त एचपीचा आकडा असतो. शाफ्टची लांबी नाही, ट्रान्समची, म्हणजे मोटर बसते त्या मागच्या फळीची, उंची नाही, वजनाची मर्यादा नाही. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा पुरवठादार, ठरतो, बिल निघते, खोके तालुक्याला पोचते. उघडल्यावर कळते, बोट १५ इंची ट्रान्समची आणि मोटर २० इंची शाफ्टची!

खडकाळ उथळ पात्रात हे पाच इंच फार महाग पडतात. पंखा पहिल्याच दगडाला लागतो, छोट्या मोटरची शिअर पिन तुटते आणि ऐन धारेत बोट प्रवाहाच्या हवाली होते.

नरखेड तालुक्याला हे सांगावे लागू नये. वर्धा नदीच्या ३० जुलै १९९१च्या महापुराने तालुक्यातले मोवाड उद्ध्वस्त झाले, २०४ जीव गेले. १४ सप्टेंबर २०२१ रोजी पैलतीरीच्या वरूड तालुक्यात झुंज येथे नाव उलटून ११ जण बुडाले. नदी तीच, पण या दोन प्रसंगांना लागणारी मोटर एक नव्हे.

पुराची धार सेकंदाला दोन-तीन मीटर, म्हणजे ताशी सात ते अकरा किलोमीटर असली, तर पाच एचपीची मोटर भरलेली बोट जेमतेम जागेवर धरते. तिथे बोट पाण्यावर उचलून पळवणारी पंचवीसच्या आसपासची मोटर हवी, तीही बोटीच्या पाटीवरील मर्यादेत. पण हेच टू-स्ट्रोक धूड पन्नासेक किलोचे. संत्र्याच्या बागेतून, गाळातून ते नदीपर्यंत न्यायला दोन माणसे अडकतात. शिवाय संथ डोहात गळ टाकून तासन्‌तास शोध घ्यायचा, तर सतत मंद चालवून प्लगवर काजळी धरते. शोधासाठी दोन-तीन एचपीची फोर-स्ट्रोक पुरते. होंडाची २.३ एचपी जेमतेम साडेतेरा-चौदा किलोची आणि हवेने थंड होणारी आहे. गाळाने पाण्याची वाट तुंबण्याचा प्रश्नच नाही. ही साधी निवड कागदावर का उतरत नाही? मागणीपत्र लिहिणाऱ्याने बोट पाहिलेलीच नसते, म्हणून.

पथकांचेही चुकते. गेल्या पावसाळ्यातले पेट्रोल टाकीत तसेच ठेवून मोटर कोपऱ्यात उभी करणारे कमी नाहीत. ई-२० पेट्रोल हवेतला ओलावा ओढते, पाणी तळाशी बसते, कार्ब्युरेटर चोंदतो. मग जुलैत दोरी ओढून खांदे निखळतात.

तेव्हा पथकप्रमुखांनो, ट्रान्समची उंची आजच टेपने मोजा. पाटीवरचा कमाल एचपी, वजन आणि माणसांची संख्या लिहून घ्या आणि तो कागद तहसीलमध्ये मागणीपत्राला जोडायला लावा. मोटर ताब्यात घेताना पूर्ण भार घालून पाण्यात चालवून पाहा, किल-स्विचची दोरी ओढून मोटर बंद होते का ते तपासा. चाचणीशिवाय पोचपावतीवर सही करू नका.