विश्लेषण : गिअर जड पडतोय? गिअरबॉक्स खोलण्याआधी क्लच तपासा

‘गिअर नीट पडत नाही’ अशी तक्रार घेऊन गाडी गॅरेजमध्ये गेली, की ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ हे वाक्य फार लवकर ऐकू येते. मालकही घाबरून मान डोलावतो. प्रत्यक्षात अनेकदा दोष गिअरबॉक्सचा नसतोच. साधी तपासणी न करता गिअरबॉक्स खोलणे म्हणजे मालकाच्या खिशाला विनाकारण कात्री.

पाच मिनिटांची तपासणी

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद ठेवावे. क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून पाहावेत. मग गाडी न्यूट्रलमध्ये आणून इंजिन सुरू करावे आणि ब्रेक दाबून हेच पुन्हा करावे. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, पण सुरू असताना अडतात किंवा रिव्हर्स टाकताना ‘खर्रर्र’ आवाज येतो, तर संशय क्लचवर घ्यावा. पेडल पूर्ण दाबूनही क्लच इंजिनला गिअरबॉक्सपासून पुरता सोडवत नाही, असा त्याचा अर्थ.

इंजिन बंद असतानाही सगळेच गिअर जड असतील, तर गिअर लिव्हरच्या केबल, लिंकेज आणि त्यांचे बुश आधी पाहावेत. हे काम बहुतेक वेळा गिअरबॉक्स न उतरवता होते.

क्लच का सुटत नाही?

कारण कधी कधी हास्यास्पद असते. जाड फ्लोअर मॅट पेडलखाली सरकलेली असते आणि पेडल तळापर्यंत जातच नाही! केबलचा क्लच असेल तर केबल ताणलेली किंवा तिचे तार तुटत आलेले असू शकतात. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर सहज पडला, तर लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा सिलिंडर गळतो आहे, असे समजावे. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकला ऑइल एकाच डब्यातून मिळते. त्यामुळे तिथली पातळी कमी होणे ही केवळ क्लचची बाब राहत नाही. पावसाळ्यात बरेच दिवस एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीची क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, तेव्हाही गिअर पडत नाही.

खरा दोष गिअरबॉक्सचा कधी?

बाकीचे गिअर ठीक, पण एकच, बहुधा दुसरा, टाकताना खरखरत असेल तर त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजलेली असण्याची शक्यता मोठी. गिअर आणि शाफ्टचा वेग घर्षणाने जुळवणे हे या रिंगचे काम. क्लच पूर्ण सुटत नसेल तर तिला चालत्या इंजिनशी झुंजावे लागते. म्हणजे आज टाळलेले क्लचचे छोटे काम उद्या गिअरबॉक्सचे मोठे काम होऊ शकते.

थंडीत सकाळीच गिअर जड आणि थोड्या अंतरानंतर मोकळे, हे घट्ट किंवा जुन्या ऑइलचे लक्षण. ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच हवे. जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये ‘जास्त चांगले’ म्हणून जीएल-५ भरण्याचा सल्ला ऐकू नये. त्यातील गंधकयुक्त घटक पितळी रिंगांना बाधू शकतात.

घाटात परीक्षा

शहरात अडलेला गिअर त्रासदायक असतो, घाट उतरताना तो धोकादायक ठरतो. तिसऱ्यावरून दुसरा टाकायला क्लच दाबला आणि गिअर पडलाच नाही, तर इंजिनचा अटकाव संपतो आणि भरलेली गाडी फक्त ब्रेकवर उरते. त्यामुळे ‘जोर लावला की पडतो’ म्हणत सुट्टीत घाटात उतरणे शहाणपणाचे नाही.

गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर आधी मेकॅनिकला इंजिन बंद-सुरू ठेवून फरक दाखवायला सांगावे. आणि उतरवलाच, तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग तेव्हाच तपासून घ्यावेत. नाहीतर तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते.