वेधशाळेचें दार केव्हां लावावें?

“घर पेटलें असतां तारे कसले मोजतां?” असें व्यवहारी मनुष्य विचारतो. साथ, वणवा, भूकंप अशा प्रसंगीं वेधशाळेची काळजी वाहणें ही त्यास चैन वाटते. उलटपक्षीं कित्येक विद्याभक्तांस असें वाटतें कीं, खऱ्या ज्योतिषानें प्राण गेला तरी दुर्बिणीपासून हलूं नये. माझ्या अल्पमतीप्रमाणें हीं दोन्ही मतें एकांगी आहेत.

अखंड नोंदीचें मोल मोठें आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. १८५९ च्या सप्टेंबरांत सूर्यावरील क्षोभामुळें पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालें. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत त्या काळीं पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें तासातासास डोळ्यांनीं पाहून लिहिलीं जात. वादळ उठतांच तीं थोड्या थोड्या मिनिटांनीं घेण्यांत आलीं. त्या नोंदी आजहि जगांतील शास्त्रज्ञ उपयोगांत आणतात. ती वेळ चुकली असती, तर पुन्हां हातीं आली नसती.

म्हणून का माणसें आगींत उभीं करावीं? ऑस्ट्रेलियांत कॅनबेराजवळील माउंट स्ट्रॉम्लो वेधशाळा १८ जानेवारी २००३ रोजीं वणव्यांत सांपडली. दुर्बिणी, कारखाना, ग्रंथालय हीं जळून गेलीं. हवाई बेटांतील जेमिनी दुर्बिणीसाठीं जवळजवळ तयार झालेलें एक यंत्रहि भस्म झालें. परंतु तें पुन्हां घडविलें गेलें व २००५ मध्यें हवाईस पोहोंचलें. या आगीचा धडा घेऊन त्याच देशांतील सायडिंग स्प्रिंग वेधशाळेभोंवतालची झाडी तोडण्यांत आली व ठिणग्या आंत शिरूं नयेत अशी तजवीज झाली. २०१३ च्या जानेवारींत तेथें वणवा आला, तेव्हां माणसें आधींच डोंगर उतरून गेलीं होतीं. निवासगृह जळालें, दुर्बिणी वांचल्या.

महामारीचीहि गोष्ट तीच. मार्च २०२० मध्यें कोविडची साथ पसरतांच चिली देशांतील आल्मा वेधशाळेनें निरीक्षणें थांबविलीं. राखणीपुरतीं थोडीं माणसें तेवढीं मागें राहिलीं. तिच्या ६६ अँटेना सुमारें ५००० मीटर उंचीवर, ओसाड वाळवंटांत आहेत. हवा विरळ, वस्ती दूर, राहणें-जेवणें एकत्र. अशा ठिकाणीं साथ शिरती तर काय अनर्थ होता! निरीक्षणें मार्च २०२१ मध्यें पुन्हां सुरू झालीं. वर्षभराच्या रात्री गेल्या, ही हानि खरी. पण एकाहि रात्रीसाठीं मनुष्याचा जीव पणास लावणें मला योग्य वाटत नाहीं.

सारांश, संकटांत वेधशाळा तगते ती हट्टानें नव्हे, शांत दिवसांतील नेमानें व तयारीनें. कुलाब्यास रोजचा नेम होता म्हणून वादळ नोंदलें गेलें. सायडिंग स्प्रिंग येथें झाडी आधीं तोडली म्हणून दुर्बिणी वांचल्या. दार केव्हां लावावें हें जो जाणतो, त्यासच तें पुन्हां उघडतां येतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं दिवा जाळणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांसहि यांत घेण्याजोगें पुष्कळ आहे.