तळ्याचा नकाशा होतोय, मोहल्ल्याला विचारलं का?

औरंगाबादकरांना (सरकारी कागदांवर आता छत्रपती संभाजीनगर) पाण्याचं दुखणं वेगळं सांगायला नको. जायकवाडीचं पाणी पंपाने शहरात येतं आणि नळाला कित्येक दिवसांच्या खंडाने मिळतं. याच शहरात 17व्या शतकात मलिक अंबरने नहर-ए-अंबरी आणली. डोंगरातलं पाणी, जमिनीखालून, नुसत्या उताराच्या जोरावर. पाणचक्कीची नहर तर दर्ग्याशीच जोडलेली. तिथल्या जात्यावर फकीर-मुसाफिरांसाठी पीठ निघायचं. पाणी बंद म्हणजे जातं बंद, मग नहर साफ का ठेवायची हे कुणाला समजवावं लागत नसणार.

दिल्ली गेटजवळचा खिजरी तलाव आज पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या नावाने ओळखला जातो. नावाचा अभिमान आहेच. पण अशा तलावांबद्दल ठरवतं कोण?

डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने पाणथळ जागांची प्रत्यक्ष पाहणी करून हद्दी आखायला राज्यांना सांगितलं. यासाठीचे नियम 2017 चे. त्यानुसार राज्य प्राधिकरणात मत्स्यव्यवसायाचा तज्ज्ञ बसतो, मच्छीमाराला मात्र खुर्ची नाही. खास पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव तर या नियमांतून वगळलेलेच आहेत. म्हणजे जुना तलाव कागदावर कशासाठी बांधला म्हणून लिहिलाय, यावर त्याचं संरक्षण ठरू शकतं.

याच नियमांत एक कामाची गोष्टही आहे, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. पाणथळ जागेची माहिती तयार करताना तिथले पूर्वापार हक्क नोंदवावे लागतात. मासेमारी, गुरांचं पाणी, धोबीघाट, जे असेल ते. अधिसूचनेआधी बाधित लोकांच्या हरकतीही विचारात घ्यायच्या असतात. आपण बोललोच नाही, तर तो रकाना कोराच जाईल. मग उद्या कुंपण पडलं की आपण मोर्चा काढणार.

आपल्याही घरात डोकवायला हवं. वाहत्या नदीवरसुद्धा वुजूत पाणी वाया घालवू नये, हे लहानपणापासून ऐकतो. तरी कुर्बानीनंतरचा कचरा नाल्यात जातो, आणि नाला शेवटी कुठल्या तरी तळ्याला किंवा नदीलाच मिळतो. तेव्हा महापालिकेकडे बोट दाखवताना आवाज जरा खाली येतो.

सध्या करण्यासारखं एकच. आपल्या भागातल्या तलावाची हद्द आखली का, त्यात काय नोंदलं, हे मशीद कमिटी आणि बचत गटाच्या बायकांनी मिळून जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारावं. पाणी भरायला रात्री जागतात त्या बायकाच. अर्जावर पहिली सही त्यांची असू द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.