काटा वाचताना

पायांखाली धातूच्या चार पट्ट्या असलेला आणि वजनाबरोबरच चरबी, स्नायू, पाणी, शिवाय 'शरीराचे वय' असे पाचसात आकडे सांगणारा वजनकाटा आता उदगीरसारख्या तालुक्याच्या गावीही प्राध्यापकांच्या घरी दिसू लागला आहे. स्टाफरूममध्ये पूर्वी अभ्यासक्रमावर वाद झडत, हल्ली चरबीच्या टक्क्यावर झडतात. आकड्यांवरची ही निष्ठा पाहून आम्हांला असे वाटते की, संहितेविषयी जी सावधगिरी आपण वर्गात शिकवितो, ती या काट्यापुढे उभे राहतानाही बाळगली पाहिजे.

हा काटा चरबी मोजतच नाही. एका तळव्यातून तो अत्यंत सौम्य विद्युतप्रवाह सोडतो, दुसऱ्यातून परत घेतो आणि वाटेत झालेला अवरोध नोंदवितो. पाणी आणि क्षार धरून ठेवणाऱ्या स्नायूंतून प्रवाह सहज जातो, चरबीतून अडखळत जातो. निरीक्षण एवढेच, पुढचे सारे अनुमान. आपण भरलेले वय, उंची आणि लिंग यांची त्या अवरोधाशी एका सूत्रात सांगड घालून टक्का काढला जातो. हे सूत्र कोणत्या लोकांच्या शरीरांवरून बेतले, हे खोक्यावर सहसा लिहिलेले नसते. थोडक्यात, काटा हा पूर्वग्रह घेऊन बसलेला वाचक आहे. त्यातही प्रवाह मुख्यतः पायांतूनच फिरत असल्याने पोटाविषयी तो जे सांगतो, ते न वाचलेल्या प्रकरणावर दिलेले मत असते.

मग तो अडगळीत टाकावा काय? आमचे मत तसे नाही. आपल्या लोकांच्या बाबतीत नुसते किलो त्याहून फसवे आहेत. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता. क्ष-किरणांच्या साहाय्याने चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चालविलेल्या अभ्यासात नवजात अर्भकांतही हेच दिसले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सरासरी वजन साडेतीन किलोच्या आसपास, तर आपल्या बाळांचे २.७, पण तुटवडा मुख्यत्वे स्नायूंचा होता, चरबीचा तितकासा नव्हता. 'थिन-फॅट' ही संज्ञा येथून रूढ झाली. मराठीत 'कृश-स्थूल' म्हणावे, तर चरकसंहितेने अतिकृश आणि अतिस्थूल यांना निंद्य पुरुषांत वेगवेगळे गणले आहे! शब्दाचे राहू द्या. "काडीसारखा तर आहे, त्याला कसली शुगर?" असे म्हणून आपल्याकडे रक्ताची तपासणी वर्षानुवर्षे लांबविली जाते, ही गोष्ट अधिक गंभीर आहे. सडपातळ माणसाच्या मनात शंका उत्पन्न करणे, हे काम या काट्याने केले तरी त्याची किंमत वसूल झाली.

त्यासाठी तो नीट वापरला पाहिजे. आपल्या घरांतली शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते. सांध्यावर ठेवलेला काटा डुगडुगतो आणि वजनच चुकते. एक सपाट जागा हेरून ती कायम ठेवावी. सकाळी शौचमुखमार्जन आटोपून, चहापूर्वी, अनवाणी उभे राहावे. भेगाळलेल्या कोरड्या टाचांतून प्रवाह नीट शिरत नाही, म्हणून तळवे आधी ओलसर फडक्याने पुसावेत. एप्रिल-मे महिन्यांत शरीरातले पाणी घटले की अवरोध वाढतो आणि काटा चरबी वाढल्याचे सांगतो. ही वाढ उन्हाची असते, आमरसाची नव्हे. एका दिवसाच्या आकड्याला म्हणूनच अर्थ नाही, दोन-तीन महिन्यांच्या नोंदींना आहे. इंग्रजीत याला न्हाणीघराचा काटा म्हणत असले तरी न्हाणीघराच्या दमटपणात तो ठेवू नये, उभाही करून ठेवू नये. पट्ट्या मऊ, ओलसर फडक्याने पुसाव्यात, पाणी ओतू नये. सुट्टीत गावी जाताना सेल काढून ठेवावेत. मधूनमधून पाच किलो पिठाची बंद पिशवी हातात घेऊन आणि न घेता वजन करावे; फरक पाचच्या आसपास आला नाही, तर चरबीच्या टक्क्यावर बोलण्यातही अर्थ नाही.

'शरीराचे वय' हा आकडा आमच्या मते निव्वळ करमणुकीचा आहे. घरातल्या वयात आलेल्या मुलीला सर्वांसमक्ष काट्यावर उभे करून तिचा टक्का मोठ्याने वाचणे, ही मात्र करमणूक नव्हे, आणि सुशिक्षित घरांत ती सर्रास चालते. नोंदवही ज्याची त्याच्यापाशी असावी.

पोटासाठी शिंप्याची टेप पुरते. भारतीय पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० ओलांडला की काटा काहीही म्हणो, रक्तातील साखर तपासून घ्यावी. पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने या काट्यावर उभेच राहू नये. तिच्यासाठी जुना, बिनविजेचा काटा घरात असू द्यावा.