हळदीच्या गोळ्या आणि सासूबाईंचं विसरणं



सामायिक झालं की नाही हे सासूबाई विसरू लागल्या, तेव्हा साताऱ्याच्या माझ्या वहिनीने हळदीच्या गोळ्यांची बाटली पाठवली. "नैसर्गिक आहे, मेंदूची सूज उतरते." आम्ही पडलो सांगलीकर! हरिपूरच्या पेवांत हळद साठवणारा आमचा मुलूख. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. हळदीवर शंका कोण घेणार? आठ महिने गोळ्या दिल्या, डॉक्टरांकडे मात्र नेलं नाही. ही चूक माझी.

अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठतं. तिथल्या साफसफाई करणाऱ्या पेशी सतत चेतलेल्या राहतात आणि त्या दाहाने चांगल्या पेशीही मरतात. हळदीतलं कर्क्युमिन हा दाह कमी करतं, असं उंदरांमध्ये दिसलं आहे. (उंदरांवरचे प्रयोग मला पटत नाहीत, पण तो वेगळा विषय.) माणसांचं काय? 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत रुग्णांना 24 आठवडे रोज दोन किंवा चार ग्रॅम कर्क्युमिन दिलं. फायदा दिसला नाही. रक्तात ते फारच थोडं पोचलं होतं.

मी कॉमर्सची, म्हणून हिशेब घातला. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे दोन ग्रॅमसाठी रोज वीस-बावीस चमचे हळद! आमटीतल्या चिमटीकडून ती अपेक्षा कशी करायची? आणि एकवटलेल्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

एकीने विचारलं, औषध म्हणून ओली हळद घेतली तर चालेल का? ओली हळद कंद, म्हणून आपण टाळतो, वाळलेली वापरतो. ज्याचा गुण सिद्ध झालेला नाही, त्यासाठी नियम कशाला मोडायचा?

शेवटी तपासण्या झाल्या. अल्झायमरची सुरुवात होतीच, पण त्याबरोबर बी-12 अगदी कमी, आणि कानाने ऐकू येत नव्हतं. आपल्या शाकाहारी घरांत बी-12 कमी असणं नवं नाही आणि त्यानेही विसरायला होतं. कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा यांनीही धोका वाढतो. मला विचाराल तर गोळ्यांचे पैसे आधी या तपासण्यांना घाला.

इंजेक्शनं झाली, कानाला यंत्र आलं. विसरणं थांबलेलं नाही. पण संध्याकाळी मी णमोकार मंत्र सुरू केला की आता त्यांना ऐकू येतो, आणि त्याही बरोबर म्हणतात.